डिकीतली शिदोरी

नागपूरहून मुंबईकडे जाणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि दहा जिल्ह्यांतून जाणारा हा रस्ता पुरा झाला. गाडी सुसाट जाते. सिग्नल नाही, चौक नाही, बैलगाडी आडवी येत नाही. पण गावच आडवं येत नाही म्हटल्यावर गावातली भज्यांची गाडीही येत नाही. जुन्या रस्त्यानं जाताना दर अर्ध्या तासाला एखादं बसस्थानक लागायचं, त्याच्या दारात चहाची टपरी असायची, आणि पोह्यांच्या परातीवर तर्रीचं पातेलं वाफाळत असायचं. समृद्धीवर हे सगळं कुंपणापलीकडे राहिलं. महामार्ग सुरू झाल्यापासून प्रवाशांच्या तक्रारींत खाण्यापिण्याचा आणि स्वच्छतागृहांचा मुद्दा सतत येत राहिला, तो त्यामुळेच.

पेट्रोल पंपांच्या आवारात आता खाण्याची थोडीफार सोय असते. तरीही त्याच आवारात सावली बघून डिकी उघडणारी, बॉनेटवर डबे मांडणारी कुटुंबं हमखास दिसतात. कुणाकडे पुऱ्या-बटाटा असतो, कुणाकडे पराठे, कुणी टोपलीभर संत्री सोलत बसलेलं असतं. एसटीच्या आणि रेल्वेच्या प्रवासातली शिदोरी आता अशी मोटारीच्या डिकीत आली आहे. डिकीत जागा भरपूर असते, त्यामुळे भरताना फारसा विचार होत नाही. दोन पिशव्या जास्तीच्या जातात, निम्मं परत येतं आणि तरीही वाटेत चारशे रुपयांची वेफर्सची पाकिटं घेतली जातात. स्वस्तात आणि पोटभर खायचं असेल तर कोणते पदार्थ करायचे यापेक्षा ते कितव्या तासाला खायचे, हे आधी ठरवावं लागतं.

खर्चाचा ताळा

समजा, नागपुरातून चौघांचं कुटुंब निघालं आहे: नवरा-बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा. पहाटे साडेपाचला घर सोडलं आणि दोन-तीन निवांत थांबे घेतले, तरी दुपारी चारच्या सुमारास ठाण्याच्या हद्दीत पोचता येतं. एवढ्या वेळात एक नाश्ता, एक जेवण, एक मधलं खाणं आणि दोन चहा होतात. महामार्गालगतच्या बऱ्यापैकी हॉटेलात चौघांचं साधं जेवणच हजाराच्या आसपास जातं. त्यात नाश्ता, चहा, पाण्याच्या बाटल्या आणि मुलांची पाकिटं मिळवली की दिवसाचा आकडा दीड-दोन हजारांवर सहज चढतो.

तेच घरून नेलं तर काय लागतं? धपाट्यांसाठी ज्वारी, गहू आणि बेसन मिळून किलोभर पीठ, साधारण साठ रुपयांचं. चाळीस रुपयांचं तेल. चटणीसाठी पाव किलो शेंगदाणे, आणखी चाळीस. दह्यासाठी अर्धा लिटर दूध, पस्तीस. डझनभर केळी, साठ. काकड्या, कांदे, लिंबं, मिरच्या मिळून चाळीस-पन्नास. भडंगाचे मुरमुरे आणि वरचा मसाला, पन्नास-साठ. भाव गावोगाव वेगळे असतात, पण गॅस धरूनही ही बेरीज चारशेच्या आतबाहेर राहते. येतानाचा दिवस मिळवला तर वाचलेल्या पैशांत मुक्कामाच्या गावी एका रात्रीची खोली निघते.

या हिशेबात एक आकडा कुणी लिहीत नाही. पहाटे साडेपाचला निघायचं म्हणजे कुणीतरी तीनला उठून तव्यापाशी उभं राहायचं, आणि हे ‘कुणीतरी’ बहुतेक घरांत ठरलेलं असतं. सगळ्यांचा प्रवास साडेपाचला सुरू होतो, तिचा तीनला. शिदोरी स्वस्त पडते ती असल्या बिनहिशेबी कष्टांवर, म्हणून काम पसरून घेतलं तर शिदोरीही टिकते आणि माणूसही. कोरड्या चटण्या आठवडाभर आधी होतात. भडंग किंवा चिवडा दोन दिवस आधी करून डब्यात जातो. पुऱ्या किंवा धपाटे आदल्या संध्याकाळी होतात, आणि ते लाटायला एक आणि भाजायला एक असे दोन हात लागले तर तासाभरात उरकतात. पहाटेसाठी चहाचा थर्मास भरणं, काकड्या धुणं आणि पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमधून काढणं एवढंच उरतं. ही तिन्ही कामं कॉलेजातल्या मुलीला आणि दहा वर्षांच्या मुलाला जमण्यासारखी आहेत.

ओलं आधी, कोरडं मागून

प्रवासाच्या खाण्याचे तीन भाग करता येतात. पहिल्या दोन तासांत खायचं ते ओलं आणि मऊ: सांजा, इडली, उकडलेली अंडी, बटाट्याची सुकी भाजी. हे पदार्थ लवकर नासतात, म्हणून त्यांचा मान पहिला. दुसरा भाग दुपारच्या जेवणाचा. त्यात धपाटे, दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, थालीपीठ, मेथीचे पराठे यांच्यापैकी काहीतरी एक, सोबत चटणी, दही आणि कच्ची काकडी. तिसरा भाग राखीव. यात भडंग, शेंगदाण्याचे लाडू, चिक्की, खाकरे, भाजलेले फुटाणे यांच्यासारखे चार-आठ दिवस न बिघडणारे पदार्थ येतात. गाडी बंद पडली, घाटात वाहतूक अडली, मुक्कामाला पोचायला रात्र झाली, तर कामाला येतो तो हा तिसरा भाग. काहीच झालं नाही तर तो तसाच परतीच्या प्रवासाला उपयोगी पडतो, वाया जात नाही.

बरीच घरं गडबडतात ती इथे. पहिल्या थांब्यावर भडंगाचा डबा आधी उघडतो, कारण तो हाताशी असतो आणि मुलांना आवडतो. बटाट्याची भाजी मात्र ‘जेवणाच्या वेळी खाऊ’ म्हणून दुपारी दोनपर्यंत उन्हात तापलेल्या डिकीत पडून राहते. खाण्याचा क्रम उलटा झाला की चांगला स्वयंपाकही पोट बिघडवतो.

दशमी का टिकते

मराठी घरांमधली प्रवासाची खाणी एका अनुभवातून घडली आहेत. अन्न नासवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला पाणी लागतं. पदार्थातलं पाणी कमी केलं, किंवा मीठ, गूळ, साखर यांनी ते बांधून ठेवलं, किंवा चिंच, लिंबू, दह्याची आंबट बाजू वाढवली की त्यांची वाढ मंदावते. तेलाचा थर हवा दूर ठेवतो. या तीन-चार युक्त्यांची वेगवेगळी जुळणी म्हणजे आपल्या चटण्या, लोणची, पुऱ्या आणि दशम्या.

दशमीचं पीठ पाण्याऐवजी दुधात मळतात. दुधातल्या स्निग्धांशामुळे ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, तर पाण्यात थापलेली भाकरी तेवढ्या वेळात कडक होऊन तडकते. जुन्या घरांत दशमीला आणखी एक मान होता. पाणी न घालता केलेली म्हणून ती सोवळ्यातही चालायची, आणि प्रवासात परक्याच्या हातचं न खाणाऱ्यांच्या फडक्यात दशम्या असायच्याच. गूळ घातलेल्या दशम्या आजही देवदर्शनाच्या प्रवासात नेतात. पण दूध हे नासणारंच, म्हणून दशमी टिकवते ती तव्यावरची आच. दोन्ही अंगांनी तेल किंवा तूप सोडून मंद आचेवर खरपूस भाजलेली दशमी दीड-दोन दिवस चांगली राहते, मधोमध ओली राहिलेली दुसऱ्या सकाळीच वास मारते.

मराठवाड्यातले धपाटे याच घराण्यातले. ज्वारीच्या पिठात थोडं गव्हाचं पीठ, बेसन, तीळ, ओवा, वाटलेली लसूण-मिरची आणि कोथिंबीर. प्रवासासाठी करायचे असतील तर त्यात दोन बदल करावे लागतात. कांदा घालायचा नाही, कारण चिरलेल्या कांद्याला पाणी सुटतं. कोथिंबीरही धुऊन, फडक्यावर कोरडी करूनच घालायची. तिखटमिठाच्या पुऱ्यांचं पीठ घट्ट भिजवायचं आणि त्यात कडकडीत तेलाचं मोहन घालायचं. पुरी जरा पातळ लाटून, मंद आचेवर थोडी जास्त वेळ तळली की फुगत कमी असली तरी टिकते जास्त.

चटण्यांची तर प्रत्येक भागाची आपली ओळख आहे. सोलापूरकडे शेंगदाण्याची, विदर्भात जवसाची, देशावर कारळाची, कोकणात लसूण आणि सुक्या खोबऱ्याची. चारही कोरड्या, चारही महिनाभराच्या बोलीवर. दह्यात चमचाभर चटणी कालवली की भाजीची उणीव भासत नाही. मेतकुटाचंही तसंच. नुसत्या दह्यात कालवून वर मीठ घातलं की धपाट्याला तोंडीलावणं तयार. सुक्या चटण्यांना एकच पथ्य, ओला चमचा डब्यात जाता कामा नये. प्रवासात चमचा ओला असतोच, त्यामुळे लागेल तेवढी चटणी आधीच छोट्या डबीत काढून घेतलेली बरी.

भाताची गोष्ट वेगळी

शिळा भात फोडणीला घालून खाण्याची आपल्याकडे सवय आहे, म्हणून प्रवासातही भात निर्धास्त नेला जातो. इथे सावध राहायला हवं. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजताना मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढीला लागतात आणि त्यांचं विष भात पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. अन्नसुरक्षेचे जाणकार ५ ते ६० अंश सेल्सियस हा टप्पा धोक्याचा मानतात. या तापमानात शिजवलेलं ओलं अन्न दोन तासांहून अधिक ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरातच खावं, असा त्यांचा सल्ला असतो. अनुकूल तापमानात काही जिवाणूंची संख्या वीस मिनिटांत दुप्पट होते. विदर्भातल्या मे महिन्यात, उन्हात लावलेल्या बंद गाडीतली हवा तासाभरात पन्नाशीच्या पार जाते, तिथे बटाट्याच्या भाजीचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

हे कळलं की यादीतून काही नावं आपोआप गळतात. ओल्या नारळाची चटणी, पनीर, मेयॉनीज लावलेली सँडविचेस, आदल्या रात्री चिरलेली फळं, रस्सा भाजी. सँडविचची हौसच असेल तर पाव, लोणी, चटणी आणि अख्ख्या काकड्या-टोमॅटो वेगवेगळे न्यायचे आणि थांब्यावर दोन मिनिटांत लावून घ्यायचे. घरून लावून नेलेल्या सँडविचचा पाव तसाही ओला होऊन लिबलिबीत होतो.

दहीभाताची एक घरगुती युक्ती मात्र अनेक बायकांना ठाऊक असते. निघताना ताजा भात मऊ घोटून घ्यायचा, त्यात भाताच्या बरोबरीनं कोमट दूध आणि विरजणापुरतं, चमचाभर दही कालवायचं, मीठ घालायचं आणि वरून जिऱ्या-मिरचीची फोडणी. डबा गाडीत असतानाच दूध विरजत जातं आणि जेवणाच्या वेळेला गोडसर, बेताचा आंबट दहीभात तयार मिळतो. घरून पूर्ण दही कालवून नेला तर तोच भात दुपारी दात आंबवतो. मात्र हा डबा दुपारच्या जेवणातच संपवायचा, उरला तर टाकायचा. संध्याकाळसाठी राखून ठेवायची ही चीज नव्हे.

थर्माकोलचा खोका आणि गोठलेल्या बाटल्या

महागड्या आइसबॉक्सवाचून कुणाचं अडत नाही. औषधांच्या किंवा मासळीच्या दुकानात थर्माकोलचे रिकामे खोके अगदी थोडक्यात, कधी फुकटही मिळतात. दोन लिटर-लिटरच्या बाटल्या तीन-चतुर्थांश भरून आदल्या दिवशी फ्रीजरमध्ये ठेवायच्या. काठोकाठ भरू नयेत, कारण बर्फ होताना पाणी सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं आणि बाटली फुटते. त्या दोन बाटल्यांच्या मध्ये दह्याचा डबा, उकडलेली अंडी आणि काकड्या. बर्फ हळूहळू वितळतो तसं तेच पाणी दुपारी प्यायला मिळतं. खोका डिकीत न ठेवता मागच्या सीटच्या पायापाशी ठेवावा, तिथे गाडीच्या एसीचा गारवा पोचतो आणि हातही.

बांधाबांधीतला सगळ्यात सामान्य घोटाळा गरम पदार्थ लगेच डब्यात भरण्याचा. धपाटे तव्यावरून उतरवून थेट डब्यात रचले की झाकणाला आतून घाम सुटतो, ते पाणी खाली गळतं आणि तळचे दोन-तीन धपाटे चिकट होतात. सकाळी डबा उघडल्यावर नाकाला आंबूस वास येतो तो तिथूनच. भाजलेलं सगळं जाळीवर किंवा सुती फडक्यावर पसरून पूर्ण निवू द्यायचं आणि मगच भरायचं, डब्याच्या तळाशी आणि वर एकेक कोरडं फडकं. घाई असली तर पंख्याखाली अर्धा तास.

धपाटे, पुऱ्या, भजी वर्तमानपत्रात गुंडाळण्याची सवय अजून गेलेली नाही. छापील कागदाची शाई गरम, तेलकट पदार्थात उतरते आणि तिच्यातली रसायनं पोटात जातात. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी अन्न बांधायला वर्तमानपत्र वापरायला बंदी घातली आहे. फडकं, केळीचं पान, बटर पेपर किंवा सरळ स्टीलचा डबा यांपैकी काहीही चालतं. थर्माकोलच्या ताटल्यांचंही तेच. महाराष्ट्रात त्यांच्यावर २०१८ पासून बंदी आहे. चार हलक्या स्टीलच्या ताटल्या दहा वर्षं पुरतात, धुवायला अर्धी बाटली पाणी लागतं.

भरताना पदार्थांप्रमाणे पिशव्या करण्यापेक्षा वेळांप्रमाणे कराव्यात. नाश्त्याची एक पिशवी, जेवणाची एक, राखीव खाण्याची एक, आणि प्रत्येकीत त्या वेळेला लागणाऱ्या ताटल्या, चमचे, कागदी रुमाल. नाही तर भर उन्हात मीठ शोधायला सगळी डिकी उपसावी लागते. चौथी पिशवी रिकामी, कचऱ्यासाठी. पाचवी वस्तू म्हणजे छोटी सुरी, जी घरून निघताना हमखास राहते.

चालकाचं ताट

गाडी चालवणाऱ्याचं जेवण वेगळं धरायला हवं. दुपारी दोन ते चार या वेळात शरीराला एरवीही सुस्ती येते. त्यावर पुऱ्या, गोड आणि भाताचं भरगच्च जेवण झालं तर सरळसोट, वळणं नसलेल्या रस्त्यावर डोळे मिटायला लागतात. चालकानं थोडं-थोडं, चार वेळा खाल्लेलं बरं: दोन धपाटे, दही, काकडी, मूठभर शेंगदाणे. पोट भरलं की वीस मिनिटं पाय मोकळे करून मगच पुन्हा चाक हातात. खाण्यासाठी थांबताना जागाही बघायला हवी. समृद्धीसारख्या रस्त्यावर ताशी १२० किलोमीटरची मुभा असते. तिथे कडेच्या पट्टीवर गाडी उभी करून पंगत मांडणं म्हणजे जिवाशी खेळ. पेट्रोल पंपाचं आवार गाठावं, किंवा सरळ बाहेर पडावं.

बाहेर पडण्याचा मार्ग फारसा कुणी विचारात घेत नाही. समृद्धीवर जितकं अंतर कापलं तितकाच टोल पडतो. त्यामुळे मेहकरला, सिंदखेड राजाला किंवा जालन्याला उतरून गावात चहा-जेवण करून पुन्हा वर चढता येतं. घरच्या डब्यासोबत तिथलं काय घ्यायचं, याचं गणित सोपं आहे. तव्यावरून समोर उतरणारं, उकळत्या तेलातून किंवा पातेल्यातून वाफाळत येणारं आणि साल काढून खायचं फळ, हे तीन प्रकार निर्धोक. गरम चहा, ताजी भजी, केळी, पेरू, हंगामात संत्री आणि भाजलेली कणसं. टाळायचं ते उघड्यावर चिरून ठेवलेलं कलिंगड आणि बर्फाचं सरबत. डब्यातले धपाटे आणि गावातली गरम पातळ भाजी असं निम्मं-निम्मं केलं तरी खर्च अर्ध्यावर येतो, आणि थंड जेवणाचा कंटाळाही जातो.

मुलांना गाडी लागत असेल तर निघण्याआधी भरपूर दूध पाजणं हा हमखास फसणारा उपाय. रिकामं पोटही नको आणि तुडुंबही नको. एखादी दशमी किंवा दोन बिस्किटं देऊन निघावं. आलेपाकाच्या वड्या, आवळासुपारी, लिंबाची फोड हे जुने उपाय स्वस्त आहेत, आणि मळमळीवर आल्याचा गुण अनेकांना येतो. पाण्यासाठी घरचं पिण्याचं पाणी भरलेला पाच-सात लिटरचा कॅन आणि प्रत्येकाची आपली बाटली एवढं पुरतं. थांब्यावर कॅनमधून बाटल्या भरायच्या. उन्हाळ्यात दोन-तीन ओआरएसची पाकिटं ठेवावीत.

मुक्कामाच्या दिवसांचं काय?

एका दिवसाचा प्रवास डब्यावर निभावतो. चार-पाच दिवसांची सहल असेल तर शिदोरीचं रूप बदलतं आणि डब्याच्या जागी शिधा येतो. मोठ्या प्रमाणावरची ही व्यवस्था बघायची तर आषाढीच्या वारीत बघावी. आळंदी ते पंढरपूर हा सुमारे अडीचशे किलोमीटरचा रस्ता वारकरी तीन आठवड्यांच्या आतबाहेर चालतात. दिंडीत माणशी ठरावीक वर्गणी आधी जमा होते. तेवढ्या पैशांत धान्य, डाळी, तेल, मसाले, गॅसच्या टाक्या आणि भांडी घेऊन दिंडीचा ट्रक पुढे निघतो, आणि चालणारे पोचेपर्यंत मुक्कामावर स्वयंपाक झालेला असतो. जेवण साधं, आलटून-पालटून तेच: भाकरी-पिठलं, आमटी-भात, भाजी. एकादशीला फराळाचं. पदार्थ मोजके असले की साहित्य मोजकं लागतं आणि कमी वाया जातं, हे शहाणपण चार जणांच्या गाडीलाही तितकंच लागू पडतं.

कुटुंबाच्या सहलीत ट्रकची जागा घेते ती विजेची किटली. घरून उपम्याचं तयार मिश्रण न्यायचं. एक वाटी रवा तुपावर खमंग भाजायचा, तेलात मोहरी, उडीदडाळ, हिंग आणि सुकवलेला कढीपत्ता यांची फोडणी करून त्यात मिसळायची. मीठ आणि चिमूटभर साखर घालून पूर्ण निवल्यावर डब्यात भरायचं. ओली मिरची आणि कांदा नको, त्याऐवजी सुकी लाल मिरची. हे मिश्रण आठ-दहा दिवस चांगलं राहतं. खोलीवर स्टीलच्या डब्यात एक वाटी मिश्रण घेऊन त्यावर दोन-सव्वादोन वाट्या उकळतं पाणी ओतायचं, ढवळून सात-आठ मिनिटं झाकून ठेवायचं, वर लिंबू पिळायचं. रवा किटलीत मात्र घालू नये. तो तळाशी करपतो आणि पुढच्या चार दिवसांच्या चहाला उपम्याचा वास येतो. पातळ पोहे, मेतकूट, दाण्याचं कूट आणि दूध-साखर मिळाली तर दुसऱ्या सकाळचा नाश्ता कशावाचून अडत नाही. चौघांचा हॉटेलातला एक नाश्ता वाचला की दुपारी त्या गावची खरी थाळी खायला खिशात पैसे उरतात. कोकणात जाऊन दोन्ही वेळा घरचे थेपलेच खायचे असतील तर तिथवर गेल्याचा उपयोग काय?

परतीच्या प्रवासाची शिदोरी बहुतेकांच्या हिशेबात नसते. जाताना उत्साहानं भरलेले डबे येताना रिकामे खुळखुळत असतात आणि वाचवलेले पैसे परतीच्या एका जेवणात जातात. मुंबई, ठाणे, डोंबिवली, पुणे या शहरांत गल्लोगल्ली पोळीभाजी केंद्रं आहेत. नगावर पोळ्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, थालीपिठं तिथे मिळतात आणि आदल्या दिवशी सांगितलं तर सकाळी लवकर बांधूनही देतात. सोबत तिथलीच एखादी सुकी चटणी, बाजारातून काकड्या आणि केळी, आणि जाताना न उघडलेला भडंगाचा डबा. परत नागपूरकडे निघणाऱ्या चौघांना दिवसभरासाठी वीस-बावीस पोळ्या लागतील. केंद्र सकाळी किती वाजता उघडतं, ते मागणी नोंदवतानाच विचारून घ्यावं, कारण बरीचशी केंद्रं आठच्या आधी शटर वर करत नाहीत. पहाटे निघायचं असेल तर पोळ्या आदल्या रात्रीच आणून, फडक्यावर निववून ठेवाव्या लागतात.